गेंड्याची पेटी

आषाढ लागला की आमच्या नगर जिल्ह्यात वारा सुटतो. पाऊस घाटमाथ्यावर आपलं काम करत असतो. आमच्या वाट्याला येतो तो वारा. दारं आपटतात, पत्रे थरथरतात, दोरीवरचे कपडे उडून बाभळीला अडकतात आणि भाकरी खाताना दाताखाली कचकच लागते. ढग नसतात असं नाही. काळे, भरलेले, घाईत असलेले ढग पश्चिमेकडून येतात आणि आमच्या डोक्यावरून पूर्वेकडे पळत सुटतात. आम्ही मान वर करून त्यांच्याकडे बघतो आणि पुन्हा कामाला लागतो.

यंदाही तसंच चाललंय. मी श्रीरामपूरला आईकडे आले आहे. आईने खिडकीची कडी सुतळीने बांधून ठेवली आहे, तरी ती खडखडते. हा आवाज ऐकला की मला एकच आषाढ आठवतो. त्या वर्षी आषाढ ते भाद्रपद, असा सगळा कोरडा पावसाळा, आम्ही नागापूरच्या एमआयडीसीत एक पेटी बांधत होतो. गेंड्यासाठी.

नगर आणि गेंडा यांचा काय संबंध, असं कुणालाही वाटेल. तेव्हाही सगळ्यांना वाटलं होतं. काहींनी विचारलं, काही नुसते हसले, आणि एका साहेबांनी तर मला समजावूनच सांगितलं. त्या समजावण्याचा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

मी जनावरांची डॉक्टर. श्रीरामपूरच्या ख्रिस्ती वस्तीत वाढले. आई नर्स होती. मी गाई-म्हशींची डॉक्टर होऊन जवळच्याच एखाद्या दवाखान्यात चिकटेन, असं तिने धरलं होतं. मी गेले आसामात, एका अभयारण्यात. तिथे पहिल्यांदा गेंडा पाहिला तो पहाटेच्या धुक्यात, हत्तीच्या पाठीवरून. उंच गवतातून आधी नुसता श्वास ऐकू आला, भात्यासारखा. मग ते कातडीचे पट्टे, एखाद्याने जाड पत्रे कापून अंगावर टांगावेत तसे. त्याने मान वळवून आमच्याकडे पाहिलं आणि आम्ही त्याच्या कामाचे नाही असं ठरवून पुन्हा चरायला सुरुवात केली. इतकं स्वतःत असलेलं जनावर मी तोवर पाहिलं नव्हतं.

तिथे गेंडे बऱ्यापैकी होते, आणि दुखणंही तेच होतं. सगळे एकाच ठिकाणी. एखादी साथ आली, एखाद्या वर्षी ब्रह्मपुत्रा जास्तच चढली, तर पिढ्यानपिढ्या राखलेलं एका पावसाळ्यात जायचं. म्हणून एक योजना होती. लांबच्या एका जंगलात पूर्वी गेंडे होते. वाईट वर्षांत शिकाऱ्यांनी तिथला शेवटचासुद्धा शिल्लक ठेवला नव्हता. तिथे आता राखण चांगली होती, गवत होतं, पाणी होतं. दर हिवाळ्यात थोडे थोडे गेंडे तिथे नेऊन सोडायचे. आमचे रेंजर डेका यांनी भिंतीवर मोठा नकाशा लावला होता. त्यावर पुराची रेषा निळी, रस्ते तांबडे. डेका पन्नाशीचे, बुटके, सतत सुपारी चघळणारे. त्या नकाशासमोर उभे राहिले की त्यांचा आवाज बदलायचा.

योजनेत सगळं होतं. भूल कोण देणार, ट्रक कोणता, रस्त्यात पूल कुठे कच्चा आहे, सोडल्यावर कोण मागावर राहणार. नव्हती ती पेटी. गेंड्याला भूल देऊन जागेवर पाडायचं, मग पेटीत घालून परत शुद्धीवर आणायचं आणि उभ्या उभ्या न्यायचं, कारण एवढं वजन फार वेळ आडवं पडून राहिलं तर त्याच्याच अंगाखाली त्याचे स्नायू चेंगरतात. त्यामुळे पेटी अशी लागते की आतलं जनावर बिथरलं तरी ती टिकली पाहिजे आणि जनावरही टिकलं पाहिजे. जुनी लाकडी पेटी पुरात भिजून कुजली होती. नवीन मागवली असती तर ती हिवाळा संपल्यावर आली असती, आणि तिचे पैसेही कुठे नव्हते.

पैशासाठी मी पुण्याला गेले. अशा कामांना मदत करणाऱ्या एका संस्थेची बैठक एका हॉटेलात होती. आत एवढा गारवा की मी ओढणी अंगाभोवती गुंडाळून बसले. समोरचे साहेब भले होते, मुद्दाम वाईट वागणारे नव्हते. माझं बोलणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, फिल्म करू. शाळांमधून जागृती करू. कार्यशाळा घेऊ, त्याला पैसे आहेत. पण पेटी? पेटीत सांगण्यासारखं काय आहे? लोकांना गेंडा बघायचा असतो."

"पेटी नसेल तर गेंडा तिथपर्यंत पोचणारच नाही," मी म्हटलं.

ते हसले. "तुम्ही मूळच्या नगरच्या ना? तुमच्याकडे तर टँकर चालू आहेत. मी तुमच्या जागी असतो तर तिथलंच काहीतरी हातात घेतलं असतं. गेंडा हा, कसं सांगू, जरा श्रीमंत विषय आहे. तुमच्या भागाला तो परवडणारा नाही."

मी चहा तसाच ठेवून उठले. नगरच्या एसटीत बसले. शिरूर सोडल्यावर वारा लागला आणि खिडकीची काच आपली आपण खाली घसरली. धूळ तोंडावर घेत मी मनात एकच गोष्ट घोळवत होते. दुष्काळी माणसाने कशाची काळजी करायची आणि कशाची नाही, हे पुण्याच्या गारव्यात बसून ठरवणारे हे कोण?

श्रीरामपूरला जायच्या ऐवजी मी नगरलाच उतरले आणि नागापूरला शमुवेलमामाकडे गेले.

शमुवेलमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. एमआयडीसीत त्याचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. जाळ्या, जिने, पाण्याच्या टाक्यांचे सांगाडे, ट्रॉल्या, जे येईल ते. आवाज मोठा, कारण आयुष्य ग्राइंडरशेजारी गेलेलं. चर्चमध्ये सुराबाहेर गातो पण मागच्या बाकापर्यंत ऐकू जातं. मी गेले तेव्हा शेडमध्ये वेल्डिंगचा वास, तापलेल्या लोखंडाचा वास आणि कुणाच्या तरी डब्यातल्या ठेच्याचा वास एकत्र झाला होता. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि डोळ्यांवरचा काम करायचा चष्मा कपाळावर सरकवला.

"काय गं रूथ, कुनाशी भांडून आली?"

मी सगळं सांगितलं. मामा मध्ये एकदाही बोलला नाही, ही त्याच्या बाबतीत नवलाचीच गोष्ट. मग विचारलं, "किती मोठं हाय ते जनावर?"

"दोन टनांच्या आसपास. जास्तच."

"म्हंजी आपल्या छोट्या हत्तीत मावायचं न्हाई." तो दारातल्या टेम्पोकडे बघत म्हणाला आणि स्वतःच हसला. मग खडू घेऊन जमिनीवर बसला. "लांबी सांग. उंची सांग. रागात असला की काय करतो ते सांग."

त्या शेडच्या काळ्या फरशीवर मी पहिल्यांदा गेंडा काढला. कामगार भोवती जमले. नाकावरचं शिंग काढल्यावर एकजण म्हणाला, "हा तर दाराला आधी नाकच लावनार."

"मग दार वर सरकनारं करू," मामा म्हणाला. मजुरी तो घेणार नव्हता. लोखंड मात्र आणावं लागणार होतं, आणि ते कुठून हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. तरी खडूची रेघ पडली होती.

आजही मला ते दिवस आधी अंगावर आठवतात, डोक्यात नंतर येतात. सकाळी श्रीरामपूरहून निघायचं, नागापूरला पोचेपर्यंत केसांत माती. शेडच्या पत्र्याखाली ऊन आणि ढगाची सावली पळापळ खेळायची. ग्राइंडर लागला की ठिणग्यांचा पिसारा वाऱ्याने एकाच बाजूला वाकायचा. लोखंडाला लावायच्या रेड ऑक्साइड रंगाचा वास हाताला लागायचा आणि जेवतानाही जायचा नाही. आणि दुपारी फोन वाजायचा. डेका.

तिकडे पाणी चढत होतं. डेका हिंदीत बोलायचे, मागे पावसाचा असा आवाज की शब्द मधूनमधून बुडायचे. "मॅडम, ऑफिसात पाणी आलंय. नकाशा काढून माळ्यावर ठेवलाय. गेंडे उंचावट्यावर चढलेत, काही रस्त्यावर आलेत. ट्रक थांबवतोय आम्ही." एकदा त्यांनी आधी पेटी कुठवर आली ते विचारलं. मग म्हणाले, "एक पिल्लू वाहून आलं. आई काठाने चालत होती त्याच्याबरोबर. पुष्कळ लांब चालली."

मी फोन कानाला लावून शेडच्या दारात उभी होते. समोर रस्त्यावर धुळीची वावटळ फिरत होती आणि पाण्याचा टँकर सांडत सांडत चालला होता. त्या सांडलेल्या पाण्यामागे दोन बायका रिकाम्या कळशा घेऊन घाईने जात होत्या. माझ्या डोक्यावरून जे ढग न थांबता गेले होते, तेच तिकडे जाऊन कोसळत असतील की काय, असं मला वाटलं. शास्त्र तसं सांगत नाही, ते मला माहीत आहे. पण त्या दुपारी मला ते खरं वाटलं. इकडच्या तहानेला आणि तिकडच्या पुराला एकच आभाळ होतं, आणि मला कुणी त्यातला एक तुकडा निवडायला सांगत होतं.

लोखंडाचं असं झालं. जवळच्याच एका कारखान्याच्या मालकीणबाई मामाच्या ओळखीच्या होत्या. त्यांच्याकडे बाद ठरवलेले जाड पत्रे आणि लोखंडी चॅनेल पडून होते. बाई ऐटीत होत्या, स्पष्ट बोलणाऱ्या. "देते," म्हणाल्या, "पण आमच्या कंपनीचं नाव कुठे लिहिणार?"

मामा म्हणाला, "आतल्या बाजूला लिवू बाई. गेंडा रोज वाचील."

मला वाटलं, आता हाकलतात. पण त्या खुर्चीत मागे रेलून एवढ्या हसल्या की चहा आणणारा माणूस दारातच थांबला. पत्रे दुसऱ्या दिवशी आले.

आतून लाकूड लावायला कर्जतहून भगवानराव सुतार आले. उंच, सडसडीत, पान खाल्ल्यासारखं एका गालाने बोलणारे. पेटी उभी राहिली, रंग लागला, आणि मामा तिच्याभोवती नवरदेवाच्या घोड्याभोवती फिरावं तसा फिरायला लागला. पण मला धास्ती होती. रिकामी पेटी कशीही उभी राहते. मी म्हटलं, आत जिवंत जनावर घालून बघायला हवं.

"माझ्या मेव्हन्याचा रेडा हाय," भगवानराव म्हणाले. "लई आडमुठा हाय. गेंड्याला भारी पडंल."

रेडा टेम्पोतून आला. एमआयडीसीच्या रस्त्यावर रेडा उतरतोय म्हटल्यावर आजूबाजूच्या शेडमधली माणसं हात पुसत बाहेर आली. तो आत जायला तयार होईना. पेंड दाखवून, मागून ढकलून, गोड बोलून शेवटी गेला. मामाने दार खाली सोडलं. थोडा वेळ शांतता. मग आतून जी धडक बसली तिने पेटी हलली, लोक मागे सरले आणि मामा ओरडला, "बघा! टाका हालला का एक तरी?"

वेल्डिंगचा एकही टाका हलला नव्हता. पण दुसऱ्या धडकेनंतर रेडा हंबरला, वेगळ्याच आवाजात. हवेसाठी ठेवलेल्या उभ्या फटीत त्याचं शिंग गेलं होतं आणि अडकलं होतं. तो ओढत होता, शिंगाच्या मुळातून रक्त येत होतं. मी वरून इंजेक्शन दिलं, त्याच्या मानेवर हात ठेवून बोलत राहिले, आणि तो ढिला पडल्यावर बाजूने पत्रा कापून शिंग सोडवलं. रेडा वाचला. जखम भरली. पण त्या जागी गेंडा असता आणि पेटी धावत्या ट्रकवर असती तर काय झालं असतं, ते मला उभ्या जागी दिसलं.

"सगळं बदलायचं," मी म्हटलं. "फटी वर आणि अगदी खाली. मध्ये सपाट लाकूड. नाक जिथे जिथे पोचेल तिथे काहीही नको."

"सगळं?" मामाचा चेहरा लाल झाला. "रंग लागलाय त्याला! दोन्ही बाजू उतरवायच्या? नवीन पत्रा कुठनं आनू?"

"सगळं."

त्याने हातमोजे काढून फेकले आणि बाहेर निघून गेला. कामगार माझ्याकडे बघायचं टाळत होते. बऱ्याच वेळाने तो आला, मोजे उचलले, झटकले. "थंडीच्या आधी पायजे ना?" एवढंच बोलला आणि ग्राइंडर सुरू केला. लागलेला रंग ठिणग्यांबरोबर जळून उडाला. तो वास मी विसरणार नाही.

आता पत्र्याला खरोखरच पैसे नव्हते. भाद्रपद सरत आला होता आणि मामाच्या चर्चमध्ये हंगामाचा सण होता. शेतातलं पहिलं पीक लोक चर्चमध्ये आणतात, उपासना झाल्यावर अंगणात त्याचा लिलाव होतो. त्या वर्षी बाजरीची कणसं करंगळीएवढी होती. तरी लोकांनी आणली. ऊस कुणाच्या तरी विहिरीवरचा, चार भोपळे, गवार, अंडी, दोन कोंबड्या. पाळकसाहेब मामाचे मित्र. त्यांनी जाहीर केलं, "यंदाच्या लिलावातला काही भाग पेटीसाठी द्यायचं ठरलं आहे."

गायनमंडळातल्या एका आजींनी आनंदाने हात जोडले. "बरं झालं. जुन्या पेटीचा भाता फाटलाच हाय."

तेव्हा जोसेफकाका उठले. ते चर्चच्या पंचमंडळातले, निवृत्त शाळामास्तर, कंपाउंडातली प्रत्येक वीट त्यांना पाठ. "कसली पेटी?"

"गेंड्याची," मामा म्हणाला.

आधी हशा पिकला. मग हशा विरला, कारण जोसेफकाका हसले नव्हते. "कंपाउंडातली बोअर आटली," ते म्हणाले. "आपल्या बाया कळश्या घेऊन फिरतात. अन् तुमी आसामच्या जनावराला पेटी करताय? तिथं पानीच पानी हाय. देवाला तरी पटतंय का हे?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी त्या कळशा रोज बघत होते. तरी मी उभी राहिले.

"काका, पुण्यात एका साहेबांनी मला हेच सांगितलं. म्हणाले, तुम्ही दुष्काळी माणसं, तुम्ही तुमच्यापुरतं बघा. आपली ही शाळा कुणी बांधली? दवाखाना कुणी बांधला, जिथे माझी आई नर्स झाली? समुद्रापलीकडच्या माणसांनी वर्गणी पाठवली. त्यांनी नगर कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या गावात तेव्हा कुणी उपाशी नव्हतं का? त्यांनाही कुणीतरी म्हणालंच असेल, आधी आपलं बघा. त्यांनी ऐकलं नाही. आपण नुसतं घेणारेच आहोत का? ज्याला आपण कधी बघणार नाही, त्याच्यासाठी काही करायचा हक्क फक्त भरल्या पोटाच्या माणसाला आहे, असं कुठे लिहिलंय? बोअरसाठीही मी फिरेन, काका. पण पेटी होणार."

जोसेफकाका खाली बसले नाहीत. काठी घेऊन ते फाटकातून बाहेर गेले. मग मामी उठली. सुशीलामामी, जिचा आवाज मी उभ्या आयुष्यात मोठा झालेला ऐकला नव्हता. तिने आपलाच आणलेला भोपळा उचलला आणि म्हणाली, "बोला. गेंड्याचा भोपळा."

भोपळा विकला गेला, आणि घेणाऱ्याने तो परत टेबलावर ठेवला. पुन्हा विकला, पुन्हा परत आला. भगवानराव चर्चचे नव्हते, कुतूहल म्हणून आले होते. त्यांनी एक कोंबडी घेतली आणि ती काखेत धरून बोली लावत राहिले. गायनमंडळातल्या आजी कुरकुरल्या, पण त्यांनीही बाजरीची एक पेंढी सोडवली. आतून कुणीतरी जुनी, फाटक्या भात्याची पेटी वाजवायला घेतली, आणि ती अशी घोगरी वाजत होती की मला हसावं की रडावं ते कळेना.

जोसेफकाका आजही म्हणतात की आम्ही चूक केली. भेटले की मी त्यांच्या पाया पडते आणि ते मला विचारतात, "जगला का तुझा गेंडा?" बोअरच्या मागे मी लागले, पुढच्या वर्षी ती जास्त खोल झाली, पाणी लागलं. त्याने त्यांचं मत बदललं नाही. बदलावं असा माझा हट्टही नाही. अशी माणसं हवीत. ती नसती तर माझी वाक्यं मला सापडली नसती.

पेटी दिवाळीआधी आसामला निघाली. माघातल्या एका थंड सकाळी तिच्यातून पहिली गेंडीण त्या लांबच्या जंगलात उतरली. ती बाहेर आली, हवेचा वास घेतला आणि गवतात चालत गेली. मी मामाला फोन केला तेव्हा पलीकडे ग्राइंडर बंद झाला, आणि मग बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता.

हिवाळ्यामागून हिवाळा पेटी जात राहिली. पण सगळं गोड झालं असं मी लिहिणार नाही. ती पहिली गेंडीण दोन पावसाळ्यांनंतर मेलेली सापडली. गोळी लागली होती. शिंग कापून नेलं होतं. तिच्या शवाची तपासणी मीच केली, कारण तिथे दुसरं कुणी नव्हतं. हात धुतले, आणि नंतर कितीतरी दिवस हात धुतच राहिले.

त्यानंतर योजनेच्या बैठकीला पुन्हा माणसं जमली. त्या वर्षी सरकारबरोबर बाहेरच्या संस्थांचेही पैसे लागले होते, त्यामुळे विचारणारे जास्त होते. एकाने चष्मा पुसत विचारलं, "एवढा खर्च करून नेलेलं जनावर मारलं गेलं. मग ही योजना थांबवावी असं नाही का वाटत? आणि नाहीच थांबवायची, तर ती पूर्ण कधी होणार? आम्हाला मार्चपर्यंत काहीतरी दाखवावं लागतं."

डेका माझ्या शेजारी होते. त्यांनी सुपारी चघळायची थांबवली.

मी म्हटलं, "गेंडीण सोळा महिने पिल्लू पोटात वाढवते. एका वेळी एकच. मग ते वर्षानुवर्षं तिच्या मागे फिरतं. तुमचा मार्च तिला माहीत नाही. शिकाऱ्याला माहीत आहे की माणसं कंटाळतात. तो त्याचीच वाट बघतोय. तुम्ही थांबायचं असेल तर थांबा. राखणीच्या चौक्या वाढवायला पैसे द्या किंवा देऊ नका, आम्ही दुसरीकडे मागू. पण या हिवाळ्यात आम्ही दोन नेणार आहोत."

मला वाटलं होतं तितकं वाईट झालं नाही. चौक्यांचे पैसे निम्मे मिळाले. उरलेल्यासाठी आणखी दारं ठोठावली. एका दारात मला ओळखून म्हणाले, "तुम्ही त्या हट्टी बाई ना?" मी हो म्हटलं.

त्या हिवाळ्यात मामा आसामात आला. एकटा, रेल्वेने, मामीने दिलेल्या लाडवांचा डबा घेऊन. डेकांनी त्याला मिठीच मारली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. एक मराठी हिंदी बोलायचा, एक असमिया हिंदी, आणि दोघेही दुसऱ्याला बहिरा समजून ओरडायचे.

सोडायच्या दिवशी मी सगळ्यांना बजावलं. हा माझा जुना नियम. दार उघडताना कुणी हालचाल करायची नाही, आवाज करायचा नाही. जनावर आधीच बिथरलेलं असतं. आम्ही सगळे मोठ्या ट्रकवर, उंचावर. मामा माझ्या शेजारी, कानटोपी घातलेला, हात घट्ट बांधून.

दार वर सरकलं. हा नर होता, तरणा, ऐन ताकदीतला. बाहेर यायला त्याने वेळ लावला नाही. भिजलेल्या गवतात थोडा पुढे गेला, थांबला, आणि मग त्याच्या मनात काय आलं कोण जाणे. वळला. ज्याने त्याला आणलं त्या पेटीकडे बघितलं. मान खाली घालून धावत आला आणि अशी धडक दिली की माझ्या पायाखालचा ट्रकसुद्धा हादरल्यासारखा वाटला. वरचं दार वाकलं. मागे सरकून त्याने परत धडक दिली. चॅनेल मोडल्याचा आवाज झाला. नागापूरचं लोखंड, बाईंचे पत्रे, भगवानरावांचं लाकूड, सगळं तो आपल्या नाकाने मोजत होता. मी ओठ दाबून धरले. ती पेटी पुढच्या फेरीला लागणार होती.

शेवटी तो फुसफुसला, वळला आणि उंच गवतात शिरला. गवत हलत गेलं आणि मग हलायचं थांबलं. तो बराच लांब गेल्याची खूण डेकांनी हाताने केली.

मी मामाकडे बघितलं. मला वाटलं, त्याच्या कामाची अशी दशा बघून तो खचला असेल. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं. त्याने कानटोपी ओढून काढली, दोन्ही हात वर केले आणि ग्राइंडरवर चढवायचा तो आवाज लावून त्या गवताच्या दिशेने ओरडला, "हान! आजून हान! मोडली तर दुसरी करू रं!"

डेकांना एक शब्द कळला नाही, पण तेही ओरडले. मग मी, माझाच नियम मोडून, छाती फुटेस्तोवर ओरडले.